फ्राना म्हणजे दरड

आत्या,

पेपरात तुझा फोटो आलाय. बाबांनीच दिला, शाळेतल्या निरोप समारंभातला, खांद्यावर शाल घेतलेला. खाली 'भूगोलाच्या आदर्श शिक्षिका' असं छापलंय, मग शाळेचं नाव, मग मागे कोण कोण आहे ते. इटालियनबद्दल एक अक्षर नाही. मी बाबांना म्हटलं, ते लिहायला हवं होतं. बाबा म्हणाले, "काय लिहू? लोक विचारत बसले असते, का आणि कशाला. मला तरी कुठं सांगता येतंय?"

म्हणून तुलाच लिहितेय. तुला काही समजावून सांगावं लागणार नाही.

पण एका जागी बसवत नाही. चार ओळी लिहिते, उठते, गॅलरीत जाते, परत येते. विद्यापीठातून मॅडमचा फोन येऊन गेला, प्रबंधाचं काय म्हणून. मी "हो, हो" म्हटलं. ती फाइल उघडते आणि बंद करते. तू याच गॅलरीत फेऱ्या मारत क्रियापदं पाठ करायचीस. समोरच्या बिल्डिंगमधल्या देशपांडेकाकूंना वाटायचं, तू कसला तरी जप धरलायस. त्यांनी एकदा मला विचारलंही होतं, "कोणत्या देवाचा गं?"

त्या पावसाळ्यात महाडमध्ये पाणी शिरलं तेव्हा आपण सगळे या गॅलरीतूनच खाली बघत होतो. बाजारपेठेत नुसतं पाणी. फोन बंद, वीज बंद. पाणी ओसरल्यावर खालच्या दुकानांतून चिखल काढायला अख्खं गाव रस्त्यावर आलं, आणि तेव्हा एकेक बातमी कळायला लागली. तळीयेवर दरड कोसळल्याची कळली. मग कुणीतरी सांगितलं, उमरठच्या पुढं, किसनच्या वाडीवरही डोंगर आला.

तू खराटा हातात घेऊन उभी होतीस. तो तसाच धरून जिना चढलीस आणि खोलीचं दार लावून घेतलंस. बाहेर आलीस तेव्हा चेहरा धुतलेला होता. "चहा टाक," एवढंच म्हणालीस.

किसन तुझा विद्यार्थी. तू इतकी वर्षं महाडहून एसटीनं पोलादपूरच्या शाळेत जायचीस, तिथला. दहावीनंतर तो मुंबईला कुरिअरच्या गोदामात लागला, आणि त्या दिवशी तिथंच होता म्हणून वाचला. त्याचे आईवडील गेले. धाकटी बहीण सुनीता गेली. तीही तुझ्याच वर्गात शिकलेली. तू तिच्याबद्दल घरात एक शब्द बोलली नाहीस. आम्हीही विचारलं नाही. तुला विचारायची आपल्या घरात कुणाची छाती होती?

मी तेव्हा मुंबईत इटालियन शिकत होते. घरच्यांनी फ्रेंच-जर्मन सोडून हे काय, म्हणून डोक्याला हात लावला होता. तू मात्र म्हणाली होतीस, "नकाशावर सगळ्यात आधी ओळखू येणारा देश आहे, शिकू दे." थंडीत मी सुट्टीला आले तेव्हा तू मला वाडीतल्या लोकांना भेटायला घेऊन गेलीस. ते तेव्हा खाली सडकेजवळ पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. शेडसमोर वाद चालला होता. वाडीचा देव वरच राहिला होता. डोंगर त्याच्या बाजूनं खाली आला, देवाला धक्का लागला नव्हता. आता त्याला खाली आणायचं, की दर वर्षी त्याच्या जत्रेला सगळ्यांनी वर जायचं, यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर येत होती.

"वर काय हाय आता, बाई?" किसन म्हणाला. "देव हाय फक्त. त्याला एकटा ठेवायचा?"

"मी नाय जानार," कडेला बसलेल्या जनाकाकी म्हणाल्या. या किसनच्या चुलती, त्यांचा नवरा आणि नातू त्या दिवशी वर होते. "मला त्या वाटेला पाय नाय लावायचा. कोनी काय बी म्हना."

"असं कसं गो काकी? वर्साचा देव हाय."

मग सगळे तुझ्याकडे वळले. बाई, तुम्ही सांगा. तू नेहमी सांगायचीस ना सगळ्यांना. कुठल्या कॉलेजात जायचं, कुणाशी लग्न करायचं नाही. त्या दिवशी तू बराच वेळ पायाखालची माती बघत राहिलीस आणि म्हणालीस, "मला माहीत नाही. विचारून सांगते."

"कोनाला इचारनार?" किसननं विचारलं.

मग दोनचार दिवसांनी मी स्वयंपाकघरात बसून गृहपाठ करत होते. तू वाल सोलत होतीस. धड्यात इटलीच्या दक्षिणेकडच्या एका डोंगरातल्या गावाबद्दल लिहिलं होतं. मी मोठ्यानं वाचत होते आणि तुला कळावं म्हणून मधूनमधून मराठीत सांगत होते. गावाखालची जमीन सरकली, घरं गेली, उरलेल्या लोकांना खाली सपाटीवर नवं गाव बांधून दिलं. चर्च वरच राहिलं.

तुझे हात थांबले. "परत वाच."

मी परत वाचलं.

"जमीन सरकली, त्याला काय शब्द आहे?"

"फ्राना."

"फ्राना म्हणजे दरड." तू तो शब्द दोनतीनदा म्हणून पाहिलास. "मग त्या वरच्या देवाचं काय केलं त्यांनी?"

धड्यात ते नव्हतं. तू पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलंस, जणू मी पान लपवतेय. मागचं-पुढचं पान बघितलंस. एक शब्द कळत नव्हता तुला. "असलं कसलं पुस्तक? महत्त्वाचं तेच नाही."

पुढच्या जूनमध्ये तू विद्यापीठात प्रवेश घेतलास. शनिवार-रविवारचा वर्ग. पहाटेची एसटी धरून मुंबईला यायचीस, माझ्या खोलीवर राहायचीस, रविवारी संध्याकाळी परत. महाडमध्ये ज्याला त्याला मत होतं. "बाई, या वयात?" "शिकायचंच तर जपानी शिका, नोकऱ्या तरी आहेत." तू सगळ्यांना एकच उत्तर द्यायचीस, "मला एका माणसाला एक प्रश्न विचारायचाय." लोकांना वाटायचं, बाईंचं काहीतरी बिघडलंय. मला सुद्धा वाटलं होतं की वर्षभरात तुझा उत्साह ओसरेल.

वर्गात तू पहिल्या बाकावर. मॅडमनी फळ्यावर इटलीचा नकाशा काढला तर उठून गेलीस आणि सिसिली जरा खाली सरकवून आलीस. मुलं तुला 'प्रोफेस्सोरेस्सा' म्हणायला लागली. पहिल्याच आठवड्यात कळलं की इटालियनमध्ये 'तू' म्हणजे तूच. तुला इतका आनंद झाला की तू बाबांना फोन लावलास. "अरे दादा, तू म्हणजे तू! सेम टू सेम!" मग कळलं की मानानं बोलायचं तर 'लेई' म्हणतात, आणि 'लेई'चा मूळ अर्थ 'ती'. म्हणजे समोर मिशीवाला फौजदार असला तरी त्याला 'ती' म्हणून मान द्यायचा. "ही पद्धत आपल्याकडे आणली पाहिजे," तू म्हणालीस, आणि पुढचा महिनाभर बाबांना 'ती' म्हणत राहिलीस. ती जेवली का? तिचा पेपर वाचून झाला का?

भूतकाळावर मात्र तू अडलीस. त्यांच्यात एक भूतकाळ घडून गेलेल्या गोष्टीचा आणि एक नेहमी घडायच्या त्याचा. सगळा वर्ग गोंधळलेला. आणि तू मागे वळून मुलांना म्हणालीस, "अरे, हा आपला रीतिभूतकाळ. मी जायचे, तो यायचा, ती गायची. झालं." मॅडमनी टाळ्या वाजवल्या. त्या आजही तो धडा शिकवताना तुझं नाव घेतात.

हे लिहिताना हसू येतंय आणि त्याचा रागही येतोय. उठून पाणी पिऊन आले.

शेवटी आपण दोघी इटलीतल्या त्या गावी गेलोच. मी एका सत्रासाठी तिकडच्या विद्यापीठात होते, वसंतात तू आलीस. विमानतळावर तुझ्या खांद्याला फक्त एक पिशवी होती. म्युझियमं, कारंजी, पूल, सगळं तू घाईघाईत बघितलंस, शाळेच्या सहलीत मुलं मोजावीत तसं. चौथ्या दिवशी म्हणालीस, "झालं का तुझं? आता ते गाव."

रेल्वे, मग एक बस, मग आणखी एक. नवं गाव सपाटीवर, एकसारखी घरं, आपल्याकडच्या पुनर्वसनाच्या घरांसारखीच, फक्त रंग पिवळा. वर डोंगरावर जुनं गाव दिसत होतं, छपरं नसलेलं. नव्या चर्चसमोरच्या बाकावर एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. मोठ्या हिरव्या शेंगा, आत वालासारखे दाणे. तू तिच्या शेजारी जाऊन बसलीस, "पोस्सो?", चालेल का, एवढंच म्हणालीस, आणि उत्तराची वाट न बघता मूठभर शेंगा उचलून सोलायला लागलीस. मी लाजेनं मेले. ती तुझ्या बोटांकडे बघत राहिली. तिला दिसलं की या बाईला येतंय.

ती कार्मेला.

तू पाठ केलेला प्रश्न विचारलास. 'लेई' लावून, व्याकरणात एकही चूक न करता. एवढी वर्षं ज्यासाठी शिकलीस तो प्रश्न. वरच्या देवाचं तुम्ही काय केलंत?

कार्मेला हसली. आधी म्हणाली, मला 'तू' म्हण. मग बोलायला लागली, अर्धं तिच्या गावच्या बोलीत. मी मधे भाषांतर करायला गेले तर तू हातानं मला गप्प केलंस. तिनं सांगितलं की पाद्र्यानं ठरवलं, संताला खाली आणायचं. आणलं. पहिली काही वर्षं त्याच्या सणाला मिरवत वर न्यायचे. ज्यांना जायचं नसायचं त्यांच्या घरासमोर उभं राहून हाका मारायचे. भांडणं झाली. तिचा भाऊ आणि ती त्यावरून बोलेनासे झाले, तो मरेपर्यंत. आता संत खालीच असतो. वर कुणी जात नाही. "मीही नाही," ती म्हणाली. "काय करू जाऊन?"

मग तिनं तुला विचारलं, तुझं कोण गेलं?

आत्या, मला वाटलं तू म्हणशील, माझं कुणी नाही, मी शिक्षिका होते. तू शेंगा मांडीवर ठेवल्यास. म्हणालीस, एक मुलगी होती. तिला नद्या पाठ होत्या, उगमापासून मुखापर्यंत. गोदावरी, कृष्णा, तापी, सगळ्या. सावित्री मात्र ती नेहमी विसरायची, कारण ती घराजवळची. मी तिला त्याबद्दल रागवायचे. ती हसायची. दोन वेण्या घालायची. पावसात छत्री असूनही भिजून यायची. सगळं त्याच भूतकाळात बोलत होतीस, नेहमी घडायच्या गोष्टींच्या. आणि बोलता बोलता रडायला लागलीस, मोठ्यानं, चर्चसमोर, परक्या गावात. कार्मेलानं तुझं डोकं खांद्यावर घेतलं. तिच्या ओटीतले दाणे सांडले. मी ते गोळा करत राहिले, कारण मला दुसरं काय करावं ते कळेना.

तेव्हापासून मला हे खुपतंय. मराठीत, आपल्या घरात, इतक्या वर्षांत तुला हे बोलता आलं नाही. तिथं जाऊन, शिकलेल्या भाषेत, तासाभरापूर्वी भेटलेल्या बाईशी बोललीस. मी शेजारी होते आणि मला ते ऐकायला शब्दकोश लागत होता. मला तुझा राग आला होता. तो तुला सांगायचा राहिला. कदाचित त्या भाषेत तुला कुणी आत्या म्हणत नव्हतं, बाई म्हणत नव्हतं, म्हणून जमलं असेल. मी अंदाज करतेय. तू सांगायला हवं होतंस.

आणि आता आपलं भांडण.

पावसाआधी आपण परत आलो आणि दुसऱ्याच रविवारी वाडीतल्या लोकांकडे गेलो. आता सगळे नव्या घरांत आले होते. समाजमंदिराच्या ओट्यावर माणसं जमली. किसन मुंबईहून खास आला होता. "काय म्हनाली बाई, ती इटलीची म्हातारी? तुमचं इंटरनॅशनल काम झालं ना?"

तू वर्गात उभी राहायचीस तशी उभी राहिलीस. म्हणालीस, "त्यांच्याकडे या देवावरून भाऊ-बहीण बोलेनासे झाले. तेवढं तुम्ही करू नका. ती म्हणाली, देव खाली आणा नाहीतर वर ठेवा. ज्याला वर जायचं त्यानं जावं. ज्याला जायचं नाही, त्याला कुणी विचारू नये, का नाही म्हणून."

किसननं मान हलवली. जनाकाकींनी पदर डोक्यावरून पुढं ओढला.

पोलादपूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना मी म्हटलं, "आत्या, असं ती म्हणाली नव्हती."

"म्हणाली."

"मी तुझ्या शेजारी बसले होते. 'ती म्हणाली'च्या पुढचं सगळं तुझं आहे."

"तू शब्द ऐकत होतीस."

"मग भाषांतर म्हणजे काय? मनात येईल ते घालायचं?"

"मी भाषांतर कुठं केलं? मी निरोप दिला."

यावर आपण किती भांडलो. फोनवर, जेवताना, बाबांना मधे घालून. माझा प्रबंधच त्यावर, की भाषांतर करणाऱ्याला किती मोकळीक असावी. मी म्हणायचे, लोकांनी तुझ्यावर विश्वास ठेवला आणि तू त्या बाईच्या तोंडी आपलं वाक्य घातलंस. तू म्हणायचीस, "माझं म्हणून सांगितलं असतं तर किसननं माझ्याशी वाद घातला असता. आणि ते वाक्य तिच्या डोळ्यात होतं. तुला दिसलं नाही त्याला मी काय करू?" मला ते पटत नव्हतं. आजही पटत नाही. तू गेलीस म्हणून पटवून घेणार नाही.

शेवटच्या फोनवरही तेच. तू वैतागून म्हणालीस, "शनिवारी ये, मग भांडू. आत्ता मला फिरायला जायचंय."

तू नदीकाठी फिरून आलीस. दारात चपला काढायला स्टुलावर बसलीस, ती उठलीच नाहीस. बाबांना वाटलं, दमलीस. मी शनिवारच्या आतच आले, पण भांडायला कुणी नव्हतं.

तेराव्याला वाडीतली बरीच माणसं आली. किसननं घरात शिरल्या शिरल्या पाट मांडायला घेतले, पंगत वाढली, कुणाला काही विचारलं नाही. आता जत्रेला तो आणि काही पोरं वर जातात, देवाला नारळ फोडून परत येतात. बाकीचे खाली थांबतात. वाद राहिला नाही. तो जाताना म्हणाला, "बाईंना आम्ही तवा हसलो होतो. इटलीला इचारायला चालल्या म्हनून." आणि मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

जनाकाकी माझ्याजवळ येऊन बसल्या. माझा हात धरला.

"आधी सगली माझ्या मागं लागायची, वर चल, वर चल. झोप नाय लागायची जत्रा आली की. बाईंनी सांगितल्यापासून कोन इचारत नाय. मी आपली दारात बसते, इथूनच हात जोडते." मग म्हणाल्या, "त्या इटलीच्या बायला सांग गो माझं. म्हनावं, तुझं भलं होऊ दे. तिनं सोडवलं मला."

मी "सांगते" म्हटलं. आत्या, त्यांना सोडवलं ते तू. आणि त्यांचा आशीर्वाद निघाला होता अशा बाईकडे, जी ते वाक्य बोललीच नव्हती. मी तिथं काही बोलले असते तर काय झालं असतं? गप्प बसले. म्हणजे मी तुझ्या बाजूला आले असं समजू नकोस.

काल दुपारी कार्मेलाला फोन लावला. तिचा नंबर तुझ्या मोबाइलमध्ये 'कार्मेला शेंगा' असा होता. माझा आवाज ऐकून आधी तिला वाटलं तूच आहेस. ती भराभर बोलायला लागली आणि मला तिला थांबवायला लागलं. मी तुझ्याबद्दल सांगितलं. पलीकडून कुणीतरी भांडी लावत असल्याचा आवाज येत राहिला.

मी जनाकाकींचा निरोप दिला. शब्दशः दिला, सोडवलंस म्हणून. ती म्हणाली, "मी?" आता विचारावं असं आलं होतं मनात, की तू खरंच तसं म्हणाली होतीस का, निदान तुझ्या बोलीत, मला कळलं नाही अशा एखाद्या शब्दात. प्रश्न तयार होता. व्याकरणही तपासून ठेवलं होतं.

तेवढ्यात तीच बोलली. आवाज बारीक झाला होता. "दील्ले," ती म्हणाली. तिला सांग.

मी म्हटलं, कार्मेला, ती गेली. आत्ताच सांगितलं ना तुम्हाला.

"हो, कळलं मला. तरी तिला सांग. ती इथून गेल्यावर मला बसवेना. यंदा सणाच्या दिवशी मी मुलाला गाडी काढायला लावली. जिथपर्यंत रस्ता आहे तिथपर्यंत गाडीनं, पुढं काठी टेकत. मला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवलं नाही. तिला सांग, मी वर जाऊन आले."

तर आत्या, सांगते. कार्मेला वर जाऊन आली.